रॉक बँडांचे पहिले अल्बम : तुमचा जीव कशात अडकलाय?

कॅसेटवाला

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली आणि तळाशी ती कॅसेट सापडली. नव्वद मिनिटांची, लेबलवर मावसभावाच्या तिरक्या अक्षरात 'सॅबथ, पहिला'. लावली तर नुसती घोगरी कुजबुज. काढून उजेडात धरली तेव्हा कळलं, टेप हेडवर दाबून धरणारी ती छोटीशी गादी असते ना, ती गळून पडली आहे. रीळ मात्र धडधाकट.

ही कॅसेट मी पहिल्यांदा ऐकली नववीत, ऐन डिसेंबरात. सुरुवातीला गाणं नाहीच. पाऊस. ढगांचा गडगडाट. लांबून चर्चची घंटा. आई स्वयंपाकघरातून गॅलरीत धावली, दोरीवरचे कपडे काढायला. ती परत आली तोवर गिटार सुरू झाली होती आणि ती कपड्यांचा गठ्ठा तसाच धरून दारात थांबली. "हे काय लावलंयस रे?" मला तेव्हा सांगता आलं नाही. आता थोडंफार सांगता येईल असं वाटतं.

ब्लॅक सॅबथचा हा पहिला अल्बम. नावही तेच. १३ फेब्रुवारी १९७० ला इंग्लंडमध्ये आला. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीतली चार पोरं: टोनी आयोमी, ऑझी ऑझबर्न, गीझर बटलर, बिल वॉर्ड. लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात रेकॉर्डिंग उरकलं. स्टेजवर वाजवत होते तसंच वाजवलं. पाऊस आणि घंटा मागाहून जोडली.

माझा जीव अडकलाय तो आयोमीच्या हातात. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. संगीतासाठी नोकरी सोडली होती, त्या दिवशी शेवटची पाळी. जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं नाही म्हणत होता. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. दुपारी नेहमीचा कामगार आला नव्हता म्हणून त्याला दाबयंत्रावर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात तोच. आता गिटार विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो घरी खचून बसलेला असताना कारखान्यातला फोरमन जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड घेऊन आला. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो असा वाजवायचा की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, गोळी केली, तापलेल्या सोल्डरिंग गनने तिला बोटाच्या मापाचं भोक पाडलं, घासून गुळगुळीत केली, वरून चामड्याचा तुकडा चिकटवला. अशी दोन टोपणं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या.

आणि त्या हाताने पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं कसं सुरू होतं? तीन स्वर. सा, वरचा सा, आणि खाली उतरून तीव्र मध्यम, तोही थरथरता. बस. यमनमध्ये हाच तीव्र म किती लोभस वाटतो. इथे त्याच्या शेजारी ना ग आहे ना प. त्याला एकट्याला अंधारात उभं केलंय. आई दारात थांबली ती त्या स्वरापाशी.

मला असं वाटतं की पहिल्या अल्बमात बँडकडे काय नाही ते ऐकू येतं. वेळ नाही, पैसे नाहीत, कोणाची बोटं नाहीत. आणि पुढे त्यालाच आपण त्यांची शैली म्हणतो. तुमचे पहिले अल्बम सांगा. नुसती नावं नकोत, जीव कशात अडकलाय ते सांगा.

वाईची_मीनल

क्वीन! मी वाईची. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलं की प्रत्येक वेळी सेंट पीटर्सच्या बाजूला मान वळते. झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा आठ-नऊ वर्षांचा असताना या बोर्डिंगात आला, इथेच पियानो शिकला, इथेच शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड केला. जगाला तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून माहीत झाला. आमच्या टेबललँडच्या वाऱ्यात त्याचा गळा तयार झाला याचा मला फार अभिमान आहे.

क्वीनचा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ चा. 'काय नाही' म्हणालात तर त्यांच्याकडे स्टुडिओची वेळच नव्हती. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत दुसऱ्यांची रेकॉर्डिंगं संपली की उरलेल्या तासांत हे वाजवायचे, पुष्कळदा मध्यरात्रीनंतर. १९७२ संपता संपता काम पुरं झालं होतं, तरी रेकॉर्ड बाजारात यायला पुढचा जुलै उजाडला. ड्रम्सचा आवाज त्यांना कधीच आवडला नव्हता, फार कोरडा वाटायचा. २०२४ मध्ये जुन्या टेप काढून तो अल्बम नव्याने मिक्स केला. एक्कावन्न वर्षं ती रुखरुख मनात ठेवली, बघा.

आणि ब्रायन मेची गिटार! बाजारातली परवडत नव्हती म्हणून बापलेकांनी घरी केली. गळ्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. त्याला वाळवी-किड्यांची भोकं पडली होती, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई, आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा. माझे बाबा सुतार होते, लाकूड कानाशी धरून ठोकून बघायचे. जुनं वाळलेलं लाकूड वाजतं, असं म्हणायचे. पहिल्या अल्बमवरची गिटार ऐकताना मला ते वाक्य आठवतं. एवढे वेगवेगळे आवाज निघतात की लोकांना यंत्रावर काढलेत असं वाटेल, म्हणून कव्हरवर मुद्दाम छापलं: सिंथेसायझर कोणीही वाजवलेला नाही.

सहा_तारा

कॅसेटवाला, आयोमीबद्दल लिहिलंत म्हणून हात शिवशिवले. मी ठाण्यात सतरा वर्षं गिटार शिकवतो. नवीन पोरांची बोटं आठवडाभर दुखतात, त्या वेळी मी हीच गोष्ट सांगतो.

थोडी भर घालतो. पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीनचार स्वर, धरायला चार बोटं नीट पसरावी लागतात. टोपणं घातलेल्या बोटांना तार किती दाबली जातेय हे कळत नाही. म्हणून आयोमीने दोन स्वरांच्या कॉर्डवर भर दिला, आपल्या भाषेत सा आणि प. त्यात ग नसतो, त्यामुळे ती कॉर्ड ना आनंदी ना दुःखी, नुसती भक्कम. हेवी मेटलचा पाया तोच झाला. पहिला अल्बम साधारण नेहमीच्याच सुरात लावलेला आहे. तारा दीड स्वराने सैल सोडून तो खोल, जड आवाज आला तो तिसऱ्या अल्बमपासून, १९७१. आणि त्या एका दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्येच त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, गेला, मग जवळ असलेली गिब्सन एसजी उचलली. पुढे एसजी म्हणजे आयोमी असं समीकरणच झालं.

माझं मत डायर स्ट्रेट्सला. १९७८. मार्क नॉफ्लर तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर. आधी वार्ताहर होता, नंतर कॉलेजात शिकवायचा. साडेबारा हजार पौंडांत लंडनच्या बेसिंग स्ट्रीट स्टुडिओत अल्बम झाला. त्यातलं ते प्रसिद्ध गाणं आठवा, 'सुलतान्स ऑफ स्विंग'. डेप्टफर्डच्या एका पबमध्ये पाऊसपाण्याच्या रात्री चारदोन गिऱ्हाइकांपुढे वाजवणारा एक जॅझ बँड. त्यांनी जाताना स्वतःचं नाव असं थाटात सांगितलं. नॉफ्लरने गाणं केलं तेव्हा ते त्याला फिकं वाटत होतं. स्ट्रॅटोकास्टर हातात आली आणि त्यात प्राण आला.

ऐकताना एक करा. गाणं सोडा, फक्त उजवा हात ऐका. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, नाही. अंगठा आणि दोन बोटं. तर्जनी तार ओढून सोडते तेव्हा एक टणक 'टक्' येतो, आणि त्याच्यामागे अंगठ्याचा गोल स्वर. पिकअपचा खटका दोन जागांच्या मध्ये अडकवलाय, म्हणून आवाज थोडा पोकळ, नाकातला. सतरा वर्षांत मला तो 'टक्' दहा पोरांकडून मिळाला असेल, जास्त नाही.

बोरिवली_स्लो

रामोन्स, १९७६. चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं. बोरिवलीला स्लो पकडून सुरू केला की पार्ल्याच्या आसपास संपतो, मी रोज मोजतो. साधारण आठवड्याभरात आणि ६,४०० डॉलरांत झालेला अल्बम. एका कानात बेस, दुसऱ्या कानात गिटार, मध्ये गायक. एक इअरफोन काढला की अर्धा बँड गायब! मला गिटारच्या बाजूने ऐकायला आवडतं, कारण जॉनी रामोन हात फक्त खालीच मारतो, वर नाही. तासभर तसं वाजवून बघा, खांदा निखळेल.

आला तेव्हा फारसा कोणी घेतला नाही. अमेरिकेत 'गोल्ड' (पाच लाख प्रती) व्हायला २०१४ उजाडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मूळ चौघांतला शेवटचा, टॉमी, गेला. हे वाचलं तेव्हा गाडीत उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चार्ल्सकाठी

बॉस्टनजवळ राहतो, म्हणून 'बॉस्टन'. १९७६ चाच. पण तुमच्या म्हणण्याच्या अगदी उलट उदाहरण. यांना वेळच वेळ होता.

टॉम शोल्झ एमआयटीचा इंजिनिअर. दिवसा पोलरॉइडमध्ये नोकरी, रात्री घराच्या तळघरात रेकॉर्डिंग. एक एक गिटार, एक एक थर, वर्षानुवर्षं. कंपनीने करार केला, पण लॉस एंजेलिसला येऊन व्यवस्थित स्टुडिओत पुन्हा वाजवा अशी अट घातली. मग बाकीचा बँड तिकडे गेला, एक गाणं केलं, कंपनीचं लक्ष तिकडे राहिलं. शोल्झ इकडे वॉटरटाउनच्या तळघरात आपलं काम करत बसला. गायक ब्रॅड डेल्पचा आवाज तेवढा नंतर तिकडे भरला. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या एक कोटी सत्तर लाख प्रती गेल्या.

मी स्वतः इंजिनिअर आहे. ऑफिसातून येऊन पोरं झोपल्यावर कीबोर्डशी बसतो. वॉटरटाउनच्या रस्त्याने बस जाते तेव्हा प्रत्येक घराच्या जमिनीलगतच्या त्या बुटक्या खिडक्या बघत बसतो.

पुढचं ऐका. दुसरा अल्बम कंपनीने घाई करून १९७८ मध्ये काढायला लावला, शोल्झ कधी समाधानी झाला नाही. मग तिसऱ्याला त्याने आठ वर्षं घेतली. तेव्हा वेळ नसला की शैली होते हे सगळ्यांना लागू नाही, कॅसेटवाला.

खर्ज

माझा मूळ मुद्द्यालाच विरोध आहे. पहिल्या अल्बमात बँड सापडतो हे आपण नंतर मागे वळून म्हणतो. रेडिओहेडचा पहिला अल्बम १९९३ चा. त्यात चार वर्षांनी येणाऱ्या 'ओके कंप्युटर'ची चाहूल दाखवा मला. पिंक फ्लॉइड तर त्याहून. १९६७ चा पहिला अल्बम म्हणजे त्यांचा तेव्हाचा गायक-गिटारवादक सिड बॅरेटचं डोकं: परीकथा, अंतराळ, मांजर, सायकल. अ‍ॅबे रोडला हे रेकॉर्डिंग चालू होतं तेव्हा त्याच इमारतीत बीटल्स 'सार्जंट पेपर' करत होते. पुढच्याच वर्षी सिड बाहेर, डेव्हिड गिलमोर आत. आपण ज्याला फ्लॉइड म्हणतो तो त्या पहिल्या अल्बमात नाहीच.

उत्तम अल्बम आहे, माझा अत्यंत आवडता. पण तो एका वेगळ्या बँडचा पहिला आणि शेवटचा अल्बम आहे, आणि म्हणूनच तो ऐकताना काळजात कळ येते.

कॅसेटवाला

खर्ज, शेवटचं वाक्य वाचून थांबलो. मान्य. चार्ल्सकाठी, तुमचंही मान्य, पण तळघर ही मर्यादाच नाही का? स्टुडिओतले मोठे ड्रम, मोठी खोली नव्हती, म्हणून त्याने गिटारींचे थर रचले असं मी तरी म्हणेन.

तीनताल

लेड झेपेलिन कोणीच घेतलं नाही अजून? जानेवारी १९६९. छत्तीस तास, १,७८२ पौंड, पैसे गिटारवादक जिमी पेजच्या खिशातले. नुकताच स्कँडिनेव्हियाचा दौरा करून आले होते, गाणी हातात बसलेली होती.

मी तबला शिकतो, त्यामुळे माझा जीव दोन मिनिटांच्या 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये. पेज अकूस्टिक गिटार अशी लावतो की सतारीची आठवण यावी, आणि तबल्यावर विराम जसानी. पहिल्या अल्बमवर! डाव्याचा घुमारा जरा मागे ठेवलाय, हेडफोन लावल्याशिवाय नीट येत नाही. पुढे १९७२ मध्ये पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर आपली दोन गाणी वाजवून गेले, त्या वाटेचं पहिलं पाऊल मला इथे दिसतं.

त्या पिढीत हे बऱ्याच जणांना लागलं होतं म्हणा. डोअर्सच्या पहिल्या अल्बमातलं (१९६७) शेवटचं लांब गाणं ऐका, रॉबी क्रीगरची गिटार सरळ आलापाला बसते. तो आणि ड्रमर जॉन डेन्समोर रविशंकरांच्या लॉस एंजेलिसच्या किन्नरा स्कूलमध्ये जात असत.

खर्ज

तीनताल, झेपेलिन मलाही प्रिय, पण नावांचा हिशेब राहिला. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' जेक होम्सने १९६७ मध्येच रेकॉर्ड केलं होतं. अल्बमवर नाव फक्त पेजचं. कोर्टकचेरी झाली तेव्हा कुठे पुढच्या आवृत्त्यांवर होम्सचं नाव आलं. 'बेब, आय'म गोना लीव्ह यू' मूळ अ‍ॅन ब्रेडनचं, तिचं नाव छापायला १९९० उजाडलं. जिचं गाणं तिला एकवीस वर्षं श्रेय नाही. आपल्याकडे घराण्याची चीज गाताना कान धरतात, ते उगाच नाही.

तीनताल

बरोबर आहे, आणि मला ते खुपतं. ब्लूज गीतकार विली डिक्सनचं नाव दोन गाण्यांवर पहिल्यापासून होतं, म्हणजे द्यायचं कसं ते माहीत होतं त्यांना.

धोबीतलाव

सगळे लंडन-न्यूयॉर्कला निघालात, मी मेट्रो सिनेमापाशीच उतरतो. रॉक मशीन, 'रॉक अँड रोल रेनेगेड', १९८८. मुंबईचा बँड.

आज कल्पना येणार नाही, पण तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक बँडांचं कौतुक म्हणजे 'अगदी डीप पर्पलसारखं वाजवतात हो'. दुसऱ्याचं हुबेहूब वाजवलंत की टाळ्या. स्वतःचं गाणं काढलंत की लोक चहा प्यायला बाहेर. असल्या दिवसांत यांनी अख्खी कॅसेट स्वतःच्या गाण्यांची काढली. आतला कागद उलगडून नावं वाचली: उदय बेनेगल, महेश तिनईकर. पुन्हा वाचली. रॉकच्या कॅसेटवर 'तिनईकर'! कॉलेजच्या हजेरीपटावर शोभेल असं नाव, आणि समोर लिहिलंय गिटार.

त्यांना रंगभवनमध्ये ऐकलं. झेवियर्सच्या बाजूला, उघड्यावर, दगडी पायऱ्यांवर बसून. 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव तिथेच व्हायचा, १९८६ पासून. सोलो चालू असताना मागच्या झाडावरचे कावळे एकदम उडाले, अजून दिसतात मला. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले, आजूबाजूला रुग्णालयं, तिथलं वाजवणं थांबलं. बँडचंही नाव बदललं, इंडस क्रीड.

त्यांच्यापाशी काय नव्हतं विचाराल, तर श्रोताच नव्हता. तो त्यांनी तयार केला. मी त्यातला एक.

शीव_सर्कल

धोबीतलाव काका, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या पिढीला रंगभवन मिळालं नाही. मला गन्स एन' रोझेस मिळाले, १७ मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स. घामाने भिजलो होतो. 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' १९८७ चा, माझ्या जन्माच्या आधीचा. आला त्या वर्षी नव्हे, दुसऱ्या वर्षी अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेला. त्यांचा गिटारवादक स्लॅशने त्या अल्बमातल्या गाण्याची पहिली ओळ वाजवली आणि शेजारचे पन्नाशीचे गृहस्थ, अजिबात ओळख नाही, त्यांनी माझा हात घट्ट धरला. गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

वाईची_मीनल

बीटल्स राहिलेच की! पहिल्या अल्बमातली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात. लेननला सर्दी, दिवसभर खोकल्याच्या गोळ्या आणि दूध. 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम अगदी शेवटी ठेवलं, कारण निर्माते जॉर्ज मार्टिनना माहीत होतं की त्यानंतर गळा उरणार नाही. तो फाटलेला आवाज आपण आजतागायत ऐकतोय. कॅसेटवाला, हा घ्या तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा.

कॅसेटवाला

मीनलताई, घेतला!

काल रात्री हा सगळा धागा आईला वाचून दाखवला, ती आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. आयोमीची गोष्ट तिला पहिल्यांदाच सांगितली. जुलै २०२५ मध्ये अ‍ॅस्टनच्या व्हिला पार्कवर मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजवले आणि सतरा दिवसांनी ऑझी गेला, हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्या पोराच्या आईला काय वाटलं असेल रे, तिनेच परत पाठवला ना कामावर." इतकी वर्षं हा अल्बम ऐकतोय, त्या बाईचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

तिला ती कॅसेट पुन्हा ऐकायची आहे. फोनवर लावून देतो म्हटलं तर नको म्हणते, तीच हवी. गादी कुठे बदलून मिळेल का?

सहा_तारा

दुकान शोधू नका. भजनांची नाही तर अभ्यासाची एखादी निकामी कॅसेट घ्या, चार स्क्रूवाली. तिची गादी पत्र्याच्या पट्टीसकट निघते, तीच तुमच्यात बसवायची. तुमची कॅसेट चिकटवलेली असेल तर पातळ पात्याने कडेने हळू उघडावी लागेल, रीळ सांडू न देता. माझ्याकडे अशा दहाबारा कॅसेटी पडल्या आहेत. रविवारी सकाळी क्लास नसतो, ठाण्याला घेऊन या. आईंनाही आणा, घर तळमजल्यावर आहे.